पहिला साप घरी आणण्याआधी: काय लागतं, किती लागतं

अमेरिकेतल्या मराठी घरांत वाढणारी मुलं शाळेतल्या किंवा शेजारच्या मित्राकडे पाळलेला साप पाहून येतात आणि आईबाबांकडे हट्ट धरतात. आईबाबांच्या डोळ्यांसमोर लगेच गावाकडचा नाग नाहीतर घोणस उभी राहते, आणि विषय तिथेच मिटतो. काही घरांत उलटंच होतं. शनिवारी सरीसृपांच्या प्रदर्शनात गेलेलं कुटुंब साठ डॉलरला सापाचं पिल्लू घेऊन येतं आणि त्याला ठेवायचं कशात, हा प्रश्न संध्याकाळी पडतो. यात हाल त्या जिवाचे होतात. म्हणून हा लेख. अमेरिकेत बिनविषारी, बंदिस्त प्रजननातून जन्मलेला साप पाळणं बहुतेक राज्यांत कायदेशीर आहे आणि नीट तयारी केली तर अवघडही नाही. मात्र तयारी आधी व्हायला हवी आणि खर्चाचा अंदाज खरा हवा. खालचे दर अमेरिकेतले, डॉलरमधले आणि ढोबळ आहेत. शहर, दुकान आणि हंगामाप्रमाणे त्यांत फरक पडेल.

आधी कायदा

भाड्याच्या घरात राहत असाल तर पहिलं काम म्हणजे करारनामा काढून वाचणं. ‘पाळीव प्राणी चालतील’ याचा अर्थ अनेक घरमालकांच्या लेखी फक्त कुत्रा आणि मांजर असा असतो. सापासाठी लेखी परवानगी घ्या.

मग राज्याचा कायदा. हवाईत साप पाळण्यावर पूर्ण बंदी आहे आणि दंड दोन लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो. जॉर्जियात स्थानिक बिनविषारी साप पाळता येत नाहीत. कॉर्न स्नेक हा तिथला स्थानिक साप असल्यामुळे इतरत्र सर्रास विकला जाणारा हा साप अटलांटातल्या घरात बेकायदा ठरतो. न्यू जर्सीत कॉर्न स्नेक राज्याच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. म्हणून एडिसन किंवा जर्सी सिटीतल्या वाचकांनी परवान्याबद्दल राज्याच्या वन्यजीव खात्याकडे लेखी चौकशी करावी आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावं. काही शहरांचे स्वतःचे नियमही असतात, तेही पाहा. विक्रेत्याच्या ‘चालतं हो’ या शब्दावर विसंबू नका, कारण दंड तुम्हाला भरावा लागेल.

कोणता साप?

नवशिक्यासाठी माझी शिफारस एकच: कॉर्न स्नेक. हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, शेतात आणि कोठारांच्या आसपास उंदीर खाऊन राहणारा बिनविषारी साप. पूर्ण वाढला की साधारण तीन ते पाच फूट भरतो आणि अंगानं सडपातळ राहतो. स्वभाव शांत, भूक चांगली, आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता त्याला मानवते, म्हणजे बहुतेक घरांत वेगळी खटपट करावी लागत नाही. आयुष्य साधारण १५ ते २० वर्षं, चांगल्या निगेत त्याहूनही जास्त.

दुसरं लोकप्रिय नाव बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा अजगर जाडसर, संथ आणि हातात घ्यायला सोपा असतो. पण त्याला ६० ते ८० टक्के आर्द्रता लागते आणि तो कधीकधी कित्येक आठवडे, प्रसंगी महिने अन्नाला तोंड लावत नाही. अनुभवी माणूस वजन तपासत थांबतो, नवशिका घाबरून जातो. शिवाय घाना, टोगो आणि बेनिनमधून या सापांची मोठी निर्यात होते. त्यामुळे विकायला ठेवलेलं पिल्लू इथेच जन्मलं की जंगलातून उचलून आणलं, हे विचारावंच लागतं. त्यांच्यातली ‘स्पायडर’ ही रंगजात घेऊ नका. त्या रंगाबरोबरच डोकं डुलण्याचा, तोल जाण्याचा मज्जासंस्थेचा दोष येतो.

बर्मीज पायथनसारख्या अजस्र सापांचा विचारही नको. पाळून कंटाळलेल्या लोकांनी सोडलेल्या आणि बंदिवासातून निसटलेल्या सापांमुळेच फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये ते पसरले आणि तिथल्या सस्तन प्राण्यांचा त्यांनी फडशा पाडला. २०१२ मध्ये अमेरिकी सरकारनं त्यांना घातक प्रजातींच्या यादीत टाकलं.

पिल्लू कुठून घ्यायचं?

कॉर्न स्नेकची अंडी उन्हाळ्याच्या सुरुवातीला घातली जातात आणि साधारण दोन महिन्यांनी उबतात. त्यामुळे जुलै ते सप्टेंबरमध्ये पिल्लं निघतात आणि शरद ऋतूत निवड भरपूर असते. साध्या रंगाचं पिल्लू ६० ते १०० डॉलरला मिळतं, खास रंगाचं १५० किंवा त्याहून जास्त. रंगासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही, साप तितकाच चांगला असतो.

सरीसृपांच्या प्रदर्शनात प्रजनन करणाऱ्याशी समोरासमोर बोलता येतं, हा तिथला मोठा फायदा. मॉर्फमार्केटसारख्या ऑनलाइन बाजारातही विश्वासू लोक असतात. तिथून मागवलं तर रातोरात पोचणाऱ्या कुरिअरचे ५० ते ७० डॉलर वेगळे. अमेरिकी टपाल खातं साप स्वीकारत नाही, म्हणून ‘पोस्टानं पाठवतो’ म्हणणारा विक्रेता तिथेच बाद करा. निवाऱ्यांत आणि सरीसृपांच्या बचावसंस्थांतही मालकांनी सोडून दिलेले कॉर्न स्नेक येत असतात. कमी शुल्कात मोठा, माणसाळलेला साप मिळतो आणि एका जिवाला घर मिळतं. हा पर्याय मला सर्वांत पटतो.

विक्रेत्याला हे प्रश्न विचाराच:

- जन्म केव्हाचा? इथेच, बंदिस्त प्रजननातून झाला का?
- आतापर्यंत किती वेळा खाल्लं? शेवटचं केव्हा? निदान पाच-सहा वेळा खाल्लेलं नसेल तर घेऊ नका.
- गोठवून वितळवलेला उंदीर खातं की जिवंतच लागतो? पहिलं उत्तर हवं.
- नर की मादी? मादी नराविनाही अंडी घालू शकते आणि ती अडकली तर शस्त्रक्रियेची वेळ येते. म्हणून पहिल्या वेळी नर बरा.

मग पिल्लू हातात घेऊन बघा. डोळे स्वच्छ, शरीर भरलेलं, हालचालीत जोर, जीभ सतत आतबाहेर हवी. नाकपुडीशी बुडबुडे, उघडं तोंड, खवल्यांवर फिरणारे काळे ठिपके म्हणजे उवांसारखे माइट्स, यांपैकी काहीही दिसलं तर कितीही दया आली तरी घेऊ नका.

सापाचं घर

खर्चातला सर्वांत मोठा आकडा इथे आहे आणि काटकसरीचा मोहही इथेच होतो. पूर्ण वाढलेल्या कॉर्न स्नेकला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटी हवी. पीव्हीसीची अशी पेटी २५० ते ४०० डॉलरला येते. पिल्लाला सुरुवातीला लहान पेटी चालते, पण दोन-तीन वर्षांत मोठी घ्यावीच लागते. म्हणजे दोनदा खर्च. त्यापेक्षा पहिल्यापासून मोठी घ्या आणि ती लपायच्या जागांनी, फांद्यांनी, खोट्या पानांनी भरून टाका. मोकळ्या मैदानात पिल्लू बिथरतं, आडोसा मिळाला की निवांत राहतं.

साप स्वतःचं शरीर तापवू शकत नाही. ऊब हवी तर उबेकडे, गारवा हवा तर गारव्याकडे सरकणं एवढंच त्याच्या हाती असतं. म्हणून पेटीचं एक टोक उबदार आणि दुसरं गार ठेवायचं. उबेखालच्या जागेचं तापमान ८५ ते ९० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २९ ते ३२ सेल्सियस, आणि गार टोक ७२ ते ७८ फॅरनहाइट. दोन्ही टोकांना एकेक बंदिस्त लपण हवंच. ते एकाच टोकाला असलं तर सापाला ऊब किंवा सुरक्षितता यांपैकी एकच निवडावं लागतं आणि पचन बिघडतं.

थर्मोस्टॅटशिवाय कोणताही दिवा किंवा हीट मॅट लावू नका. नियंत्रण नसलेली मॅट १२० अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि साप भाजला तरी वेळेवर बाजूला होत नाही. साधा थर्मोस्टॅट ४० डॉलरच्या आसपास आहे. तापणारे कृत्रिम दगड दुकानात ठेवलेले दिसतील, ते घेऊ नका. त्यांच्यावर साप भाजतात.

तळाशी ॲस्पेन लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या सालीचा चुरा घाला. सीडर आणि पाइनचा भुसा टाळा, त्यांतल्या तेलांची वाफ सापाला अपायकारक असते. झाकणाला कुलूप किंवा मजबूत चाप लावा. कॉर्न स्नेक निसटण्यात तरबेज असतो. डोकं मावेल एवढी फट मिळाली तर अख्खा साप बाहेर येतो आणि भिंतीमागे नाहीसा होतो.

पहिल्या महिन्याचा हिशेब

- साप: ६० ते १५० डॉलर
- कुरिअर: ० ते ७०
- चार फुटी पेटी: २५० ते ४००
- दिवा आणि होल्डर: ४० ते ६०
- थर्मोस्टॅट: ४० ते १५०
- तापमापक, आर्द्रतामापक, इन्फ्रारेड मापक: ४० ते ५०
- लपणं, फांद्या, पानं: ६० ते ११०
- तळाचा थर: २५ ते ४०
- पाण्याचं भांडं, लांब चिमटा, कुलूप: ३० ते ४०
- गोठवलेल्या उंदरांचं पहिलं पाकीट: २५ ते ५०
- पशुवैद्याची पहिली तपासणी, विष्ठेच्या चाचणीसह: १०० ते २००

एकूण ६७० ते १,३२० डॉलर. यात सापाची स्वतःची किंमत जेमतेम दहावा हिस्सा आहे. चांगल्या स्थितीतली जुनी पेटी मिळाली तर हा खर्च ५०० पर्यंत खाली येतो. तिला अर्थातच जंतुनाशकानं धुऊन, पूर्ण वाळवून मगच वापरा. अतिनील किरणांचा दिवा सापाला बाधत नाही, उपयोगीच पडतो. तो घ्यायचा तर ६० ते ८० डॉलर आणखी धरा. कुठे हात आखडता घ्यायचा हे ठरवायचं असेल तर शोभेच्या वस्तू कमी करा. बुटाच्या खोक्याचं लपणही चालतं. थर्मोस्टॅट, कुलूप आणि डॉक्टर यांत कपात करू नका.

दरवर्षीचा खर्च

- अन्न: ८० ते १३० डॉलर
- तळाचा थर: ६० ते १००
- वीज: ४० ते ६०
- दिवे बदलणं: २० ते ४०
- वार्षिक तपासणी: १०० ते १५०

म्हणजे वर्षाला ३०० ते ४८० डॉलर. विजेचा हिशेब सोपा आहे. ८० वॉटचा दिवा रोज १२ तास चालला तर महिन्याला साधारण २९ युनिटं जळतात. युनिटला १७ सेंट दर धरला तर पाच डॉलर होतात. थर्मोस्टॅट असला तर त्याहून कमी.

याशिवाय आजारपणासाठी ४००-५०० डॉलर बाजूला ठेवा. साप पाहणारे डॉक्टर सगळीकडे नसतात. सरीसृप आणि उभयचर यांच्या पशुवैद्यांची एआरएव्ही ही संघटना आहे. तिच्या यादीतून जवळचा डॉक्टर साप आणण्याआधीच शोधून ठेवा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर बिल हजाराच्या पुढे सहज जातं. १८ वर्षांचा एकूण हिशेब मांडला तर आकडा सहा ते दहा हजार डॉलरच्या दरम्यान येतो. साठ डॉलरच्या पिल्लाची खरी किंमत ही आहे.

अन्नाचा प्रश्न, मराठी स्वयंपाकघरात

साप पूर्ण मांसाहारी आहे. त्याला अख्खा उंदीर लागतो, दुसरं काही चालत नाही. नागपंचमीलाही दूध पाजू नका. दूध हे सापाचं अन्न नव्हे आणि ते त्याला पचत नाही.

पिल्लाला दर पाच-सात दिवसांनी एक ‘पिंकी’, म्हणजे केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू पुरतं. मोठ्या सापाला दर १० ते १४ दिवसांनी एक पूर्ण उंदीर. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकी किंवा किंचित जास्त असावी. गोठवलेला उंदीरच घ्या. जिवंत उंदीर सापाला चावून गंभीर जखमा करतो. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवून, पिशवीसकट कोमट पाण्यात गरम करून चिमट्यानं द्यायचा. मायक्रोवेव्ह वापरायचा नाही. खाल्ल्यावर ४८ तास सापाला हात लावायचा नाही, नाहीतर तो अन्न ओकून टाकतो.

हे उंदीर घरात ठेवावे लागतात, आणि अनेक मराठी घरांत, विशेषतः शाकाहारी घरांत, खरी अडचण इथेच येते. उपाय म्हणजे तळघरात किंवा गॅरेजमध्ये ठेवायला छोटा वेगळा फ्रीझर. त्याचे १०० ते १५० डॉलर वरच्या यादीत मिळवा. घरातल्या ज्या माणसाला हे मनापासून पटत नाही त्याच्याशी आधीच बोला. साप आल्यावर भांडण नको.

दुसरी बाब आरोग्याची. सरीसृपांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, गोठवलेल्या उंदरांतही असतात. अमेरिकेच्या सीडीसीचा सल्ला आहे की पाच वर्षांखालची मुलं, ६५ च्या पुढचे ज्येष्ठ आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांच्या घरात सरीसृप नसावेत. भारतातून आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी राहायला येत असतील, तर हा सल्ला थेट तुमच्या घराला लागू आहे. सापाला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे, त्याचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही धुवायचं नाही, साप ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर आणायचा नाही. हे नियम घरातल्या सर्वांना सारखे.

पहिले दिवस आणि भारतवारी

पेटी साप येण्याच्या आधी निदान आठवडाभर चालू ठेवा. रोज दोनदा तापमान लिहा आणि आकडे स्थिर झाले की मगच साप आणा. आल्यावर पहिला आठवडा फक्त पाणी बदला आणि लांबून पाहा. पाच-सात दिवसांनी पहिलं अन्न द्या. एक-दोनदा नीट खाल्लं की रोज पाच-दहा मिनिटं हातात घ्यायला सुरुवात करा. डोळे दुधाळ, निळसर दिसू लागले की कात टाकायची वेळ आली. तेव्हा त्याला कमी दिसतं, त्याला हात लावू नका. कात अखंड निघाली तर आर्द्रता बरोबर आहे. तुकड्यांत निघाली किंवा डोळ्यांवर अडकली तर ओलसर शेवाळ घातलेलं एक लपण ठेवा. तरी डोळ्यावरची कात सुटली नाही तर ओढू नका, डॉक्टर गाठा.

चार-पाच आठवडे भारतात जायचं तर? मोठा साप दोन आठवडे अन्नाशिवाय आरामात राहतो, पण त्यानंतर अन्न द्यायला आणि दर दोन दिवसांनी पाणी आणि तापमान बघायला कुणीतरी हवं. फेरीमागे २० ते ३० डॉलर घेणारे लोक मिळतात, म्हणजे एका भारतवारीला ३०० ते ५०० डॉलर होऊ शकतात. सापाची भीती नसलेला मित्र किंवा शेजारी आधीच तयार करून ठेवलात तर हा खर्च वाचेल.

महाराष्ट्रात असाल तर

पुण्या-मुंबईतले वाचकही हा प्रश्न विचारतात. उत्तर स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली धामण, अजगर, नाग असे आपल्याकडचे साप पकडून पाळणं गुन्हा आहे. परदेशी साप विकत मिळतात, पण त्यांतले किती कायदेशीर मार्गानं आले हे ग्राहकाला कळायचा मार्ग नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर आलेल्या प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत दडवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले होते. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतल्या प्रजातींची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करणं २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. कागद नसलेला साप फुकट मिळाला तरी घेऊ नका. सापांची ओढ असेल तर पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानात जा, अनुभवी सर्पमित्रांकडून परिसरातले साप ओळखायला शिका. महाराष्ट्रात सापांचं भलं त्यातच आहे.

निर्णय घेताना

आज दहा वर्षांचं असलेलं मूल कॉलेजसाठी घर सोडेल तेव्हा त्याचा साप आठ वर्षांचा असेल आणि पुढची दहा-बारा वर्षं तुमच्या खोलीत राहील. म्हणून साप मुलाचा नव्हे, आईबाबांचा असतो. त्यांना तो मनापासून हवा असेल, कायदा परवानगी देत असेल, हजार डॉलर आणि वर्षाचे चार-पाचशे सहज बाजूला निघत असतील, तर कॉर्न स्नेक आणा. शांतपणे निरीक्षण करण्याची, निगा राखण्याची आणि भीती जाणून घेऊन कमी करण्याची सवय मुलांना लागते, हा फायदा मोठा आहे. यांतली एक जरी अट पुरी होत नसेल तर थांबा. आणि आणल्यावर कधी सांभाळणं अशक्य झालं, तर साप बाहेर सोडू नका. बचावसंस्थेला फोन करा.